तीन दरवाजा आणि चार दरवाजा

पन्हाळगडाच्या पश्चिम अंगास तीन दरवाजा आहे. पूर्वेकडील चार दरवाजा मात्र आतां नाहीं. कोल्हापुराहून येणारी सडक ज्या ठिकाणीं गडांत शिरते तेंच त्याचें ठिकाण. तेथें कांहीं अवशेष दिसतात, जवळच शिवा काशीद याचा पुतळा दिसतो, आणि गाडींतून उतरलेले प्रवासी चहूंकडे पाहून विचारतात, "चार दरवाजा तो कोणता?" दरवाजा गेला आणि त्याचा आंकडा तेवढा लोकांच्या तोंडीं राहिला, असा हा प्रकार आहे. आम्ही गडावर राहतों, त्यामुळें हा प्रश्न वर्षांतून निदान पन्नास वेळां तरी आमच्या कानीं पडतो. (हे पन्नास मोजलेले नव्हेत. असे आंकडे आपण सर्वच बोलतों, आणि त्यांविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. तेही चार नव्हेत हें वाचकांस लौकरच दिसून येईल.)

या दोन दरवाज्यांचीं नांवें मात्र सरळ मोजणीचीं आहेत. गडाच्या तोंडाशीं एकच दार ठेवून भागत नसे. पहिलें दार फोडून शत्रु आंत घुसला तरी तो मोकळ्यावर न येतां भिंतींनीं कोंडलेल्या चौकांत यावा, वरून त्याच्यावर मारा व्हावा, आणि समोर पाहतो तों पुन्हां दुसरें दार बंद असावें, अशी ही योजना. तीन दरवाज्यांतील चौक, त्याच्या कडेच्या ओवऱ्या आणि आंतील दाराचें कोरीव काम आजही पाहावयास मिळतें. चार दरवाज्यांत हीच योजना एका दारानें अधिक. म्हणजे या नांवांतील तीन आणि चार हे आंकडे शत्रूस किती वेळां डोकें आपटावें लागेल त्याचे आहेत. बांधणाऱ्यानें ते मोजले, आणि चालून येणाऱ्यानेंही मोजले असतील.

चार दरवाजा गेला तो १८४४ सालीं. त्या वर्षीं कोल्हापूर संस्थानांत गडकऱ्यांचा उठाव झाला. गडकरी म्हणजे गडांचे वंशपरंपरेचे रखवालदार. चाकरीच्या मोबदल्यांत त्यांच्याकडे जमिनी असत. संस्थानच्या कारभारावर इंग्रजांनीं दाजी कृष्ण पंडित यांस नेमिलें होतें. त्यांच्या अमदानींत या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हातीं जाऊं लागली, तेव्हां उद्यां आपली भाकरी कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार ही धास्ती गडागडांवर पसरली. सामानगड उठला, भुदरगड उठला, पन्हाळा उठला. कर्नल ओव्हान्स नांवाच्या इंग्रज अंमलदारास पकडून याच गडावर कैदेंत ठेविलें होतें. डिसेंबरच्या आरंभीं इंग्रजी फौजेनें तोफा लावून गड घेतला आणि त्या प्रसंगांत चार दरवाज्याची वाट लागली. गडाचा आडोसा घेऊन पुन्हां कोणी उभें राहूं नये, हा त्यांतील हेतु सांगावयास नको. तेव्हां सडकेच्या तोंडाशीं जी मोकळी जागा दिसते ती नुसती मोकळी जागा नव्हे. पोटासाठीं आणि मानासाठीं लढलेल्या कांहीं माणसांची ती एवढीच खूण आहे, आणि त्या जागेवर लक्ष वेधणारें आतां 'चार' या एका शब्दावांचून फारसें कांहीं उरलेलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुतण्या पुण्याहून सहकुटुंब गड पाहावयास आला होता. बरोबर थोरल्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, होत्या. आमच्या घरांतूनही सूनबाई आणि नात निघाल्या. मंडळींबरोबर गड दाखविणारा एक तरुण होता. अशांस हल्लीं गाईड म्हणतात. मुलगा गोड बोलणारा, अंगांत चलाखी, गडाच्या पायवाटा तळहाताप्रमाणें ठाऊक. त्यानें तीन दरवाज्यापाशीं उभें राहून सांगितलें कीं, हे तीन दरवाजे म्हणजे ब्रह्मा, विष्णु आणि महेश. आणि मंडळी ज्या वाटेनें गडांत आली तो चार दरवाजा म्हणजे चार वेद. दोन्ही सुनांस हें फार आवडलें. पुण्याच्या सूनबाईनें तर तें लागलीच टिपून घेतलें.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. वेदांचें नांव कोणीं घेतलें तर आम्हांस आनंद व्हावयास हवा. परंतु त्या दिवशीं तो झाला नाहीं. चार वेद आंत आले आणि १८४४ साल बाहेर गेलें. ज्यांनीं दरवाजा राखला ते गेले, ज्यांनीं पाडला तेही सुटले, आणि मागें एक गुळगुळीत अर्थ राहिला.

या तरुणाची रीत कोठें चुकते हें आमच्या जुन्या गणिताच्या आधारें सांगतां येईल. आमच्या शास्त्रकारांनीं संख्या सांगण्यासाठीं वस्तूंचीं नांवें योजिलीं. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नि म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, रस म्हणजे सहा. आणि आंकडे उजवीकडून डावीकडे मांडीत जावयाचे. याच गडावर शके १६५१ मध्यें, म्हणजे इसवी सन १७२९ त, कविवर्य मोरोपंत जन्मले. तो शक कोणास श्लोकांत बसवावयाचा असेल तर 'शशि-बाण-रस-भू' एवढें म्हटलें कीं काम झालें. जुन्या ज्योतिषग्रंथांत आणि कित्येक शिलालेखांत सालें अशाच रीतीनें दिलेलीं आढळतात. येथें वस्तूस संख्येच्या चाकरीस लाविलें आहे, आणि हिशेब एका अंकानेंही चुकत नाहीं. आमच्या तरुण मित्रानें नेमकें उलट केलें. त्यानें संख्या उचलली आणि मनास आली ती वस्तु तिला चिकटविली. असें चिकटवूं लागल्यास थांबावयाचें कोठें? तीन म्हणजे त्रिमूर्ति, तसे तीन गुण, तीन लोक, तीन काळ. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास हाच दरवाजा वात-पित्त-कफाचा वाटेल.

हें आम्ही घरीं चहाच्या वेळीं बोललों, तेव्हां पुतण्यास जोर चढला. तो इंजिनियर आहे आणि मोजतां न येणाऱ्या गोष्टींचा त्याला स्वभावतःच कंटाळा आहे. तो म्हणाला, "काका, तुमचें अगदीं पटलें. पण मग एकट्या त्या पोरावर कां रागावतां? आपलीं सगळींच नांवें तशीं आहेत. पंचगंगा घ्या. नद्या किती? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. झाल्या चार! पांचवी सरस्वती म्हणे गुप्त आहे. हिशेब जुळेना म्हणून घातलेली नदी ती."

आमची स्थिति मोठी चमत्कारिक झाली. जें अस्त्र आम्हीं त्या तरुणावर सोडलें होतें तें घेऊन पुतण्या सगळ्या देवळांवर आणि तीर्थांवर चालून निघाला होता. त्याला थांबविणें आम्हांस अवश्य वाटलें, आणि त्यासाठीं सरस्वतीचीच मदत घ्यावी असें ठरविलें.

सरस्वतीचें हें कार्य फार जुनें आहे. उत्तरेंतील प्रयागास गंगा आणि यमुना या दोनच दिसतात. त्रिवेणी पुरी करण्यास सरस्वती गुप्तपणें येते. इकडे आपल्या प्रयाग चिखलीस चार नद्यांच्या पांच करण्यासही तीच येते. आणि या गडावर पाहावें, तर ती प्रत्यक्ष दगडी बांधकामाची उभी आहे. अंबरखान्याच्या तीन कोठ्यांचीं नांवें गंगा, यमुना आणि सरस्वती अशीं आहेत. जी भारतांत दोन ठिकाणीं डोळ्यांस दिसत नाहीं, ती येथें धान्य सांभाळीत बसली आहे! यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यांत २५,००० खंडी धान्य मावत असे असें सांगतात. खंडी म्हणजे वीस मण, तेव्हां तें पांच लक्ष मण झालें. कोठीचे सोळा खण असून प्रत्येक खणावर बसका घुमट आणि घुमटास भोंक आहे. त्यांतून वरून धान्य ओतीत. (हे सोळा खण आमच्या गाईडच्या अजून ध्यानांत आलेले नाहींत, नाहींतर त्यानें सोळा संस्कार काढले असते. ते छताचा भार वांटण्यासाठीं आहेत.) १६६० सालीं सिद्दी जौहरानें वेढा घातला तेव्हां महाराज चार महिन्यांहून अधिक काळ गडावर अडकून पडले होते. अशा वेळीं कोठींत काय आहे यावर गडाचें जगणें अवलंबून असतें. त्या कोठ्यांस नद्यांचीं नांवें देणाऱ्यास आटणार नाहीं असें कांहीं तरी हवें होतें, हें समजण्यास पांडित्य लागत नाहीं.

आम्हीं पुतण्यास विचारलें, "या तीन कोठ्या खोट्या का?" तो म्हणाला, "नाहीं. त्या आधीं तीन बांधल्या, मग नांवें दिलीं." "आणि पंचगंगा?" "तेथें आधीं पांच ठरल्या, मग शोधूं लागले." आम्ही म्हणालों, "शाबास! एवढाच भेद ध्यानांत ठेव. कांहीं नांवांत आधीं मोजणी आणि मागून मान. कांहींत आधीं मान आणि मागून मोजणी. दुसऱ्या प्रकारांत मोजणी जुळली नाहीं तर त्यांत लबाडी आहे असें होत नाहीं, कारण तो आंकडा मोजण्यासाठीं कोणीं घातलेलाच नसतो."

दृष्टान्त हवेत तितके आहेत. मदुरेस मीनाक्षीच्या देवळांत सहस्रस्तंभांचा मंडप आहे. त्यांत खांब आहेत ९८५. पंधरा खांब कोणीं चोरल्याची फिर्याद आजवर झालेली नाहीं. सहस्र म्हणजे पुष्कळ, डोळा भरून जावा इतके, हें संस्कृतांत सर्वांस ठाऊक आहे; सूर्यास सहस्ररश्मि म्हणतात म्हणून किरण मोजीत कोण बसतो? ज्योतिर्लिंगें बारा, याविषयीं हिंदुस्थानांत कोठेंही वाद नाहीं. वाद आहे तो बारा कोणतीं याविषयीं. आपण परळीचा वैजनाथ म्हणतों तर झारखंडांत देवघरचा वैद्यनाथ सांगतात. आपण औंढ्याचा नागनाथ म्हणतों तर गुजराथेंत द्वारकेजवळचा नागेश्वर दाखवितात. दावा करणारीं देवळें बारांहून कितीतरी अधिक भरतील; परंतु आंकडा तेरा करावा असें कोणीं सुचविलें नाहीं. देवळें भांडतात, आंकडा जागचा हालत नाहीं. यावरून यांत मूळ वस्तु आंकडा आहे हें उघड दिसतें.

साडेतीन हा तर आपल्या महाराष्ट्राचा लाडका आंकडा. शक्तिपीठें साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर हीं पूर्ण, आणि वणीची सप्तशृंगी हें अर्धें. जिच्या नांवांत सात शिखरें आहेत तिच्या वांट्यास हिशेबांत अर्धें यावें, यांत विसंगति आहे असें एकाही भक्तास वाटत नाहीं. ओंकाराच्या मात्रा साडेतीन, मुहूर्त साडेतीन, देह ज्याच्या त्याच्या हातानें साडेतीन हात. पेशवाईंत शहाणेही साडेतीनच झाले: सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. नानांस अर्धें शहाणपण वांटणाऱ्यानें तें मापून दिलें होतें असें कोण म्हणेल? पूर्णाच्या पलीकडे अर्धें पाऊल टाकून ठेवावें, दार सगळें लावून घेऊं नये, अशी कांहीं तरी आपल्या लोकांची समजूत या आंकड्यामागें असावी असा आमचा तर्क आहे. तर्कच तो, त्याचा आम्ही आग्रह धरीत नाहीं.

पुतण्यानें येथें एक चांगली शंका काढली. तो म्हणाला, "आणि मोजायलाच बसलेला माणूस चुकला तर?" तेंही झालेलें आहे. वेरूळास अकराव्या लेण्यास 'दोन ताल' आणि शेजारच्या बाराव्यास 'तीन ताल' म्हणतात. ताल म्हणजे मजला. १८७६ सालीं अकराव्या लेण्याचा मातींत गाडलेला तळमजला मोकळा झाला, आणि तेंही तीन मजल्यांचें निघालें. नांव अद्याप दोन तालच आहे. साताऱ्याजवळ लिंब येथें बारा मोटांची विहीर आहे. तिच्यावर पंधरा मोटा लावण्याची सोय आहे असें सांगतात. अशा ठिकाणीं मात्र पाटीवर खरा आंकडा लिहावा आणि नांव आहे तसें राहूं द्यावें. नांव बदलण्याच्या खटपटींत कोणीं पडूं नये. लोक ऐकत नाहींत.

आमचें हें व्याख्यान चाललें असतां थोरल्या वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दोघे पुरुष मोजणें आणि मानणें असे दोन ढीग करीत आहां. आम्हां बायकांना तीं दोन्हीं एकदमच करावीं लागतात. लाखोली कधीं वाहिली आहे का?"

आम्हीं ती वाहिली नव्हती. आमच्या घरांत ती नेहमीं बायकांनींच वाहिली. वहिनींनीं एका चातुर्मासांत गणपतीस दूर्वांची लाखोली वाहिली होती. त्यांची रीत त्यांनीं सांगितली ती अशी. चातुर्मासाचे दिवस सुमारें एकशें वीस. रोज हजार दूर्वा वाहिल्या तर शंभर दिवसांत लाख होतात. उरलेले वीस दिवस सोयरसुतक, आजारपण, पाहुणेरावळे यांसाठीं हातचे ठेवावयाचे. परंतु दूर्वांची जुडी असते एकवीसांची. हजारास एकवीसांनीं भाग जात नाहीं. म्हणून रोज जुड्या बांधावयाच्या अठ्ठेचाळीस.

आम्हीं मनांतल्या मनांत गुणाकार केला. एकवीस गुणिलें अठ्ठेचाळीस म्हणजे एक हजार आठ. अष्टोत्तर सहस्र! वहिनी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेल्या. हा गुणाकार त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या मातोश्रींनीं, त्यांस बोटांवर करून दाखविला होता.

पुतण्या म्हणाला, "आई, पण रोज इतक्या जुड्या बांधतांना एखादींत वीस, एखादींत बावीस झाल्याच असतील. मग लाख झाल्या कशावरून?"

वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर वर आठ. शंभर दिवसांत आठशें जास्त जातात. चूकभूल देणेंघेणें त्यांत भागतें. देवाला कमी पडूं नये एवढें आपण पाहायचें. मोजून घ्यायचें कीं नाहीं तें तो पाहील."

जपमाळेच्या एकशें आठ मण्यांविषयींही असेंच सांगतात. हिशेब शंभराचा धरावयाचा आणि वरचे आठ चुकलेल्या नांवांसाठीं सोडून द्यावयाचे. एकशें आठ म्हणजे बारा राशी गुणिलें नऊ ग्रह, किंवा सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकीं चार चरण, हीं शास्त्रांतलीं कारणें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहून देत असूं. तींही चांगलीं आहेत. परंतु वहिनींचें कारण अधिक जवळचें वाटलें. मोरोपंतांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं म्हणतात. गडावर केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशीं शिकलेला हा मुलगा पुढें बारामतीस गेला आणि तेथें त्यानें हा छंद जन्मभर चालविला. कोणत्या रामायणांत 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र गुंफिला, तर कोणतें निरोष्ठ, म्हणजे ओंठ न मिटतां म्हणावयाचें. 'म' हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळें त्यांत खुद्द रामाचें नांवही घालण्याची सोय नाहीं! आज हातीं असलेलीं पंतांचीं रामायणें मोजलीं तर एकशें आठ भरत नाहींत. कांहीं काळानें गिळलीं असतील. तथापि ज्या कवीनें अक्षरें मोजण्यांत आयुष्य वेंचलें त्याच्यापुढें अष्टोत्तरशत हा आंकडा एखाद्या व्रतासारखा उभा असावा, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

सोमाळे तलावाच्या कांठीं सोमेश्वराचें देऊळ आहे. महाराजांनीं आणि त्यांच्या एक हजार मावळ्यांनीं या देवास लक्ष चाफ्याचीं फुलें वाहिलीं, असें गडावर परंपरेनें सांगतात. ही हकीकत आम्हीं शेंकडों वेळां ऐकिली असेल, परंतु वहिनींच्या लाखोलीनंतर प्रथमच आम्हीं तिचा भागाकार केला. हजार माणसें आणि लाख फुलें म्हणजे माणशीं शंभर फुलें. ओंजळींत मावणार नाहींत, पण पागोट्याच्या पदरांत मावतील. प्रत्येकानें शंभर मोजलीं असतील का? एखाद्यानें मोजलीं असतील, एखाद्यानें अदमासानें पदर भरला असेल. लढाईंतून आलेल्या माणसांनीं एका सकाळीं चाफ्याचीं झाडें धुंडाळलीं हें त्यांतलें खरें, आणि लाख हा त्यांच्या हौसेचा आंकडा.

याच्या उलट कोंडाजी फर्जंदाचे साठ गडी. ६ मार्च १६७३ रोजीं त्यानें अवघ्या साठ माणसांनिशीं हा गड घेतला. जयराम पिंड्ये यानें त्या प्रसंगावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हें संस्कृत काव्य लिहिलें. संवत्सरें साठ आहेत म्हणून त्या साठांस कोणीं संवत्सरें म्हणूं लागला तर आम्ही भांडूं. रात्रीं कडा चढून जाणारा नायक आपलीं माणसें मोजून नेतो आणि वर पोंचल्यावर पुन्हां मोजतो. तो आंकडा मानाचा नव्हे, जिवाचा आहे. चार दरवाज्याचे चारही त्याच जातीचे.

म्हणून मंडळी पुण्यास गेल्यावर आम्ही त्या तरुणाकडे गेलों. बाजाराच्या तोंडाशीं तो गिऱ्हाइकाची वाट पाहात बसला होता. आमचें बोलणें त्यानें उभें राहून, आदरानें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगतां तें मला माहीत नाहीं असें नाहीं. आजोबा सांगायचे. पण चार वेद म्हटलें कीं लोक हात जोडतात, खूष होतात, दोन रुपये जास्त देतात. पाडला म्हटलें कीं गप्प होतात."

आम्ही म्हणालों, "होऊं देत कीं गप्प."

तो हंसला, आम्हांसही हंसूं आलें, कारण गप्प झालेल्या गिऱ्हाइकावर त्याचें घर चालणार नाहीं हें दोघांसही कळत होतें. शेवटीं तडजोड झाली. तीन दरवाज्यापाशीं त्यानें ब्रह्मा-विष्णु-महेश सांगावे. तो दरवाजा शाबूत आहे, तो स्वतःचें स्वतः सांगण्यास समर्थ आहे. चार दरवाज्यापाशीं मात्र आधीं गडकरी, मग इंग्रज, आणि वेळ उरल्यास वेद. आम्हीं त्याला अर्ध्या तावावर मजकूर लिहून दिला. त्यानें तो वाचून पाहिला, 'वंशपरंपरेचे रखवालदार' या शब्दांवर बोट ठेविलें, आणि म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखेच कीं, पिढ्यान् पिढ्या गडावर." मग घडी करून खिशांत घातला.

आतां आणखी एक आंकडा गडावर आला आहे. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत पन्हाळा आहे. हे बारा समितीनें कागदपत्रें तपासून, नकाशे पाहून, मोजून ठरविलेले आहेत. परंतु बारा ज्योतिर्लिंगें म्हणणाऱ्या जिभेस हा आंकडा इतका सोईचा आहे कीं, आतांच लोक 'बारा गडांची यात्रा' असें म्हणूं लागले आहेत. राजा भोजानें पंधरा गड बांधले आणि पन्हाळा हा त्यांतला एक, असें पूर्वीं सांगत. ते पंधरा आतां मागें पडतील असें दिसतें.

आमच्या नातीस शाळेंत हीं बारा नांवें पाठ करावयास सांगितलीं आहेत. ती झोपाळ्यावर बसून म्हणते: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. येथें तिचीं बोटें थांबतात. अकराच होतात. बारावा नेहमीं जिंजी राहतो, कारण तो तमिळनाडूंत, आणि तिच्या नकाशांत ती बाजू येत नाहीं. परवां तिनें विचारलें, "आजोबा, जिंजी गुप्त आहे का, त्या सरस्वतीसारखा?"

आम्हीं सांगितलें कीं, जिंजी चांगली धडधाकट आहे. राजाराम महाराज तेथें कित्येक वर्षें राहिले होते, आणि आगगाडीनें गेल्यास तुलाही पाहतां येईल. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग पुढच्या वर्षीं तेरावा झाला तर?"

"तर तेरा म्हणावयाचें."

"तेरावा कोणता असेल?"

यावर घरांत एकच गलका झाला. कोणी विशाळगड म्हणालें, कोणी सज्जनगड. सूनबाईनें आपल्या माहेराकडचा एक पुढें केला. वहिनी त्या दिवशीं आमच्याकडेच होत्या. त्या आंतून म्हणाल्या, "आधीं तो बारावा नीट पाठ होऊं दे."